भरिताची राख

पहिल्यांदा ते फक्त दिवे होते.
चावदस भंगाळेच्या तोंडून मी स्वतः ऐकलं.
त्या आठवड्यात लाईट रात्रीची, पौषाची थंडी,
तो केळीला पाणी सोडून बांधावर, कान मफलरात,
उजाडायला तासभर बाकी,
आणि सातपुड्यावरून एकामागे एक
वीस-बावीस दिवे गेले. आवाज नाही.
“मालगाडीसारखे,” तो म्हणाला, “पण रूळ कुठी रे भो?”
एवढंच. मग त्यानं माझ्याकडे बिडी मागितली.

मी काट्यावर बसतो. टोळी घड कापून आणते,
मी वजन लिहितो.
केळीचं मला ठाऊक आहे, कापली की घटते,
दिल्लीला पोचेस्तोवर क्विंटलमागं तूट धरावीच लागते.
गोष्टीचं उलट.
टपरीवरून निघाली तेव्हा मालगाडी होती,
सलूनात तिला खिडक्या फुटल्या,
पिठाच्या गिरणीत, जिथं कुणालाच नीट ऐकू येत नाही,
ती गोल झाली.
बाजाराच्या दिवसापर्यंत ती भंगाळेच्या विहिरीवर थांबलेली,
पाणी ओढत होती म्हणे,
आणि विहीर हातभर उतरली होतीच.
दर पौषात उतरते.

मग नाल्यापलीकडं, पडीत रानात,
काळं वर्तुळ सापडलं.
सावद्याहून, फैजपूरहून मोटारसायकली आल्या.
कुणी राख पुडीत बांधली.
कुणी मोबाईल वर धरून नुसतं आभाळ काढत राहिलं.
ते वर्तुळ आमचं होतं.
आदल्या रविवारी आम्ही पाच जणांनी तिथं
पऱ्हाट्या पेटवून बामणोदची वांगी भाजली होती.
देठं अजून तशीच पडलेली.
“हे काय जळालंय?” भुसावळचा एक माणूस म्हणाला.
मी ‘देठ’ म्हणणारच होतो,
तर बघतो, त्यानं चपला बाहेर काढून ठेवलेल्या.

नेहेते सरांनी फळ्यावर काढून दाखवलं,
रॉकेट, त्यातून सुटलेली उपग्रहांची माळ,
आपल्याकडं अंधार असला तरी इतक्या उंचावर ऊन कसं पोचतं ते.
पोरांनी वहीत नीट उतरवून घेतलं.
मागच्या बाकावरून एकानं विचारलं,
“पण सर, मग ते आपल्याच गावावर का थांबलं?”
थांबलं नव्हतं.
सर बराच वेळ हातातल्या खडूकडं बघत राहिले.
आमच्या गावात एसटीसुद्धा येत नाही,
फाट्यावरून परस्पर वळते.

द्वारकाबाई संध्याकाळी आली, गर्दी पांगल्यावर.
तिचा मधुकर नऊ वर्षांमागं सुरत पॅसेंजरात बसला,
तो कुठं उतरला, कुणालाच माहीत नाही.
तिनं राखेला हात लावला नाही.
कडेकडेनं एक फेरी मारली, मग मला म्हणाली,
“तुम्ही काट्यावरचे ना, हिशेबाचे.
खरं सांगा, त्यात माणूस मावेल?”

मी खरंच हिशेब केला.
अंगानं किडका पोरगा, जत्रेत वजनाच्या यंत्रावर उभा राहिला होता,
चव्वेचाळीस किलो आणि मागे छापलेलं भविष्य.
“मावेल,” मी म्हणालो. आणि वर,
का कोण जाणे,
“आत बसायला बाकडी असतात.”
ती “बरं” म्हणाली. पदर नीट केला. गेली.

खिडक्या दुसऱ्यांच्या, विहीरही दुसऱ्यांची.
बाकडी तेवढी माझी.

परवा काट्यावर चावदस आला,
चार घड उतरवून घेतले, अंग झटकलं,
आणि आपण होऊन सांगायला लागला,
आत बाकडी होती, दोन रांगा,
“म्या माह्या डोयानं पाह्यलं.”
मला हसू यायला हवं होतं.
वजनाचा आकडा लिहायचा राहिला,
मी विचारलं, “कुणी बसलं होतं का रे?”

त्यानं बिडी विझवली. जरा थांबला.
“उजेड लई होता नं बावा,” म्हणाला,
“चेहरा नाही दिसला.”