निळा आधी जातो

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून बंदरावरचं दीपगृह दिसतं
आणि न बघताही दिसत राहतं,
मी काजूच्या टरफलापासून
पांढरा उजेड काढायचा प्रयत्न करते आहे.

आवस कारखान्यात काजू फोडते, बावीस वर्षं.
तो चीक बोटांना लागला की
साल जाते, ठसे जातात.
आधारच्या मशीनने तिला तीनदा नाकारली.
तोच चीक मी बाटलीतून आणते,
धुते, उकळते, तोडते, जोडते,
आणि महिन्याअखेरीस चिमूटभर पूड उरते,
जांभळ्या दिव्याखाली हळदीसारखी पेटणारी.

"कसला गो ह्यां?"
सेंद्रिय, मी म्हटलं.
"म्हंजे शेणखत?"
त्याच घराण्यातलं.

पांढरा म्हणून रंग नसतोच,
हे तिला सांगताना मला शब्द सापडेनात.
निळ्यावर पिवळा ठेवायचा,
केसाच्या जाडीचा हजारावा भाग, इतका पातळ;
मग डोळ्याला दोघं वेगळे कळत नाहीत,
भांडण मिटलं असं तो धरून चालतो.

पिवळा आमचा. निळा विकतचा,
पुण्याहून येतो काळ्या कागदात गुंडाळून,
ग्रॅमला आवशीचा चार महिन्यांचा पगार.
आणि निळाच आधी जातो.
सगळ्यांचाच जातो, आरोंदेकर मॅडम म्हणाल्या,
आपला जरा लवकर, एवढंच.
त्यात इथली हवा, खारी, ओली,
खिडकीच्या बिजागरीलाही न सोडणारी.
काचेवर काच ठेवून कडा डिंकाने बंद केल्या तर
आवस म्हणाली, "बरणीक दादरो घट बांधूक होयो."

मंगळवारी तिला वर आणली.
चपला दारात काढून ती उभी राहिली,
कशालाच हात न लावता.
नऊ व्होल्ट.
नखाएवढा चौकोन उजळला.
वहीत मी लिहिलं:
शून्य दशांश तेहेतीस, शून्य दशांश सदतीस.
म्हणजे पांढऱ्याच्या जवळपास.

तिने तळहात त्याच्याखाली धरला.
भेगांत बसलेला काळा,
राखेने, लिंबाने, कशानेच न निघालेला,
रेघ न् रेघ दिसला.
"माझोच चीक," ती म्हणाली, "माकाच दाखयता."

अकरा मिनिटं.
मग कडेकडून निळा ओसरू लागला,
चौकोन पिवळट पडला, जुन्या बनियनसारखा.
मी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हवांदे गो," आवस म्हणाली.
"अजून दिसता."