उघडी चोच

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर काढली,
शेजारी पॉवर प्रेस.
दर दोन सेकंदांनी ठोका,
आणि प्रत्येक ठोक्याला कानातून
लोखंडाच्या किसासारखं काहीतरी खाली पडत राहिलं.
डॉक्टर म्हणाले, जाड आवाज राहिलेत, बारीक गेले.
बारीक म्हणजे कोणते
ते मला कळंब्याच्या अलीकडच्या निसर्ग केंद्रात समजलं.
तिथं सगळेच बारीक बोलतात.

सोमवारी जातो, जुन्या सुट्टीची सवय.
भाच्यानं दिलेला सेकंडहँड कॅमेरा,
लेन्सचं रबर निघालेलं, त्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा.
गेटवर दस्तगीर वहीत नाव लिहून घेतो,
वेळेच्या रकान्यात लिहितो, 'नेहमीची',
आणि बोटानं सांगतो, तोंडानं नाही,
कारण त्याला माहीत आहे.
बोट जमिनीकडे: सापसुरळी.
करंजाकडे, दोनदा मुडपलेलं: शिंपी, जोडीनं.
पाची बोटं फडफडली की फुलपाखरं,
कुठलं ते माझं मी बघायचं.

बाकीचे लोक पक्ष्यांची झेप टिपतात.
मी चोच उघडेपर्यंत थांबतो.
गवताच्या काडीवर वटवट्या,
नावातच एवढी वटवट,
शेपूट उभी, गळ्याची पिसं ताठ,
घशात काळाभोर ठिपका.
सेकंदाचा हजारावा भाग,
तेवढंच त्याचं बोलणं माझ्या वाट्याला.
तक्रार नाही. इंचाचा हजारावा भाग
मी नुसत्या बोटानं ओळखायचो.

झाडांशी मात्र बरोबरीचा मामला.
आषाढात जांभ्याच्या कपारीत खर्चुडी फुलते,
वीतभर देठावर हिरवट कंदील.
माशी आत उतरते. नळीतले केस खाली झुकलेले,
परतीची वाट बंद.
कोंडते दिवस-दोन दिवस, अंगाला पराग फासून घेते,
मग केस सुकतात
आणि दार आपोआप सुटतं.
पोटावर झोपून फोटो घेताना
मला ग्रॅच्युइटीचा चेक आठवला.
हसू आलं. फोटो हलला.

उठलो तर पुढ्यात टिटवी.
जमिनीवर पाय रोवून, दोन्ही पंख ताणून,
डोळ्यांपुढची लाल कातडी थरथरत,
चोच पार घशापर्यंत फाकलेली.
अशी चोच आजवर मिळाली नव्हती.
एक पाऊल पुढं गेलो. आणखी एक.
अकरा फोटो.
मागून दस्तगीर धावत आला,
दंड धरून उलटा ओढला,
आणि पहिल्यांदाच माझ्याशी तोंडानं बोलला.
ओठांवरून नीट कळलं नाही. 'पाय' असावं.

घरी कॉम्प्युटरवर नववा फोटो मोठा केला.
उजव्या कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक,
त्याच्या पुढं चार ठिपकेदार खडे,
निमुळती टोकं एकमेकांकडे वळलेली.
खडे नव्हते ते.
अंतर दोन इंच. फार तर दोन इंच चार सूत.
बघत बसलो.
एवढ्या वर्षांत एक पाखरू
थेट माझ्याशीच बोलत होतं,
आणि मी म्हणत होतो, अजून जरा, अजून जरा.

शालन चहाचा कप घेऊन मागं उभी होती,
कधीपासून कोण जाणे.
मी म्हटलं, "काय म्हणत असंल गं ही?"
ती माझ्या डाव्या कानाशी वाकली,
आवाज होता नव्हता तेवढा जाड केला:
"मी रोज म्हणते त्येच."

पुढच्या सोमवारी दस्तगीरनं
भोवतीनं जांभ्याचे चिरे मांडले होते.
मी लांब बसलो, उकिडवा,
गुडघे कुरकुरले असतील, मला काय ऐकू येणार.
टिटवी अंड्यांवर बसली होती.
चोच मिटलेली.
तसा हा माझा पहिलाच फोटो,
जरा हललेला.