आगटीभोवती

पौषात भिगवणला थंडी पाण्याच्या बाजूनं येते.
आधी धक्क्यावरच्या होड्या गार पडतात,
मग मासळीबाजारातला बर्फ सगळ्यांना नकोसा होतो,
मग आमच्या न्हाणीतली पितळी कळशी.
सकाळी तिला पहिला हात लावायला
कुणी तयार नसतं.

तेव्हा बारामतीहून मंदाकिनीचा फोन येतो:
"कणसं हुरड्यात आली का गं, का अजून चिकातच?"
कशी आहेस, असं तिनं कधी विचारलं नाही.
चाळीस वर्षांत तशी वेळ आली नाही.

रविवार ठरतो. रझाक गोवऱ्या आणतो
आणि सांगतो, गेल्या वर्षीपेक्षा यंदाच्या बऱ्या.
हे तो दर वर्षी सांगतो.
चिमाजी मल्लाव सकाळभर पुण्याच्या लोकांना
रोहित पक्षी दाखवून दमलेला,
येतो तो वल्ह्यासकट,
होडीत ठेवलं तर पोरं पळवतात म्हणे.
कमलवहिनींची लसणाची चटणी डब्यातून नाही,
थेट खलबत्त्यातून येते, बत्त्यासह.
खड्डा तोच, पाण्यापासून वीस पावलांवर.
यंदा पाणी वर आहे, म्हणून बारा.

या वर्षी अंकुशही आला.
माझा भाऊ. सहा वर्षांनी.
बोलावलं कुणी, ते कुणीच कबूल केलं नाही.
सोलापूरच्या गाडीतून उतरला,
हातात रेवड्यांचा पुडा, कानाला मफलर,
आणि बसला बरोब्बर माझ्यासमोर.
मधे आगटी.
मधे धरणाच्या बदल्यात मिळालेले ते एकवीस गुंठे.
मधे वडिलांच्या तेराव्याला मी बोललेलं एक वाक्य,
जे मला शब्दन् शब्द पाठ आहे.
त्यालाही असणार.

कणीस आरात खुपसायचं, फिरवायचं,
तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची.
हात हे आपोआप करतात.
तोंडं मोकळी राहतात, हीच पंचाईत.
म्हणून सगळे जरा जास्तच बोलले:
कारखान्याचा भाव, गुडघे,
चिलापीनं बाकीची मासळी कशी संपवली,
मंदाकिनीच्या बँकेतला तो नवा साहेब,
ज्याला बाजरी आणि ज्वारी वेगळी आहे हे माहीत नव्हतं.

मग वारा फिरला.
धूर अंकुशच्या तोंडावर.
तो सरकला. धूर मागं मागं.
पुन्हा सरकला, रझाकच्या मांडीला मांडी लावून.
धूर तिथंही.

"धूर भांडकुदळाला हुडकतो," माझी नात रेवा म्हणाली.
चिमाजी वल्ह्याकडं बघायला लागला.
कमलवहिनींनी चटणी पुन्हा कुटायला घेतली.

"कुणी शिकवलं गं तुला?" अंकुशनं डोळे पुसत विचारलं.
"आजीनं." तिनं माझ्याकडं बोट केलं.
"हिचं नाही ते," तो म्हणाला. "हिच्या आईचं."
त्याला खोकला आला. बराच वेळ आला.
मग म्हणाला, "आमच्या."

वाऱ्याच्या पाठीला आता जागा एकच होती,
माझ्या पोत्यावर.
तो येऊन बसला. पोतं लहान होतं.

पलीकडं उथळ पाण्यात रोहित एका पायावर उभे.
त्यांना थंडी वाजत नसावी,
किंवा सांगायची पद्धत नसेल.

त्यानं कणीस चोळलं, फुंकलं,
निम्मं भूस माझ्या पदरावर,
आणि ओंजळ माझ्या ओंजळीत ओतली.
चटका बसला. मी हात मागं घेतला नाही.
"कच्चा राहिलाय," मी म्हणाले.
"चटणी लाव," तो म्हणाला.

गुंठ्यांचं काही ठरलं नाही.
ते कुणी काढलंही नाही.
फक्त गाडी चुकली,
आणि बाहेरच्या खोलीत एक गोधडी जास्त पसरली गेली.

सकाळी कळशीला पहिला हात त्यानं लावला
आणि एक कचकचीत शिवी हासडली,
वडिलांची ठेवणीतली, त्यांच्याच आवाजात.
मी चहाचं आधण ठेवता ठेवता थांबले.
सहा वर्षं या घरात ती कुणी दिली नव्हती.