पहिली रात्र

कुंदा हिलमनं मला विचारलं नाही
दारू का धरलीस.
ते सगळ्यांचं विचारून झालं होतं,
फौजदाराचं, वकिलाचं, केंद्रातल्या समुपदेशकाचं,
मेहुण्यानं तर चप्पल हातात घेऊन.

तिनं रेकॉर्डर चहाच्या बशीशेजारी ठेवला
नि म्हणाली, लहान्यादादा,
सुटलात त्या दिवशी
रात्री झोपलात कुठं?

मी गप्प.
येरवड्याचं दार पाठीमागं लागलं तेव्हा सकाळचे दहा,
पिशवीत टॉवेल, हातमागाच्या मजुरीचे नऊशे चाळीस
आणि आठ महिने न प्यायलेलं अंग,
घासून पालथ्या घातलेल्या हंड्यासारखं.
देशीच्या दुकानापर्यंत चारशे बारा पावलं.
मी नाही मोजली. तिनं मोजली,
भर उन्हात, वहीत रेघोट्या मारत.
पुढच्या रकान्यात,
डिपॉझिटशिवाय मिळेल अशी खोली किती लांब,
तिथं आकडा नाही,
नुसती आडवी रेघ.

धानोरीत एजंट म्हणाला, आडनाव?
मुकणे.
मुकणे म्हणजे कोणते?
कातकरी म्हटलं नि खोली तेवढ्यात भाड्यानं गेली.
दार उघडं, आत रिकामी खाट,
तरी गेली.

हे सांगितल्यावर ती हसली, रेकॉर्डर चालू असताना.
डॉक्टर झालेली बाई,
चार वर्षांत सहा खोल्या बदललेली.
त्याचंही प्रकरण आहे का पुस्तकात, मी विचारलं.
नाही, म्हणाली. तळटीप आहे.

आमची झोपडी कोळशाच्या भट्टीबरोबर हलायची.
बाजाराच्या दिवशी मालक अर्धी मजुरी
बाटलीतूनच द्यायचा, बापाला, मग मला.
‘व्यसन’ लिहिलेलं तिनं खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘उचल’.
मला वाचता येत नाही फारसं,
पण तो शब्द ओळखला.

आता लोहगावात पत्र्याची खोली आहे,
भाडेकरार अकरा महिन्यांचा,
तिची सही, खाली माझा अंगठा.
तिघं राहतो.
दिवाळीत मी घसरलो. दोन दिवस गटाराकाठी होतो.
परत आलो तर ती पायरीवर बसलेली.
किल्ली मागेल वाटलं.
तिनं विचारलं, जेवलात का.

गुरुवारी एक पोरगा सुटतोय, बराकीतला, घोरणारा.
रिक्षाचे पैसे वेगळे काढलेत,
दहाच्या आधी दारापाशी जाऊन थांबेन.
त्याच्यासाठी चादर धुवून टाकलीय.
अजून वाळली नाही.