सही: म. गो. आगटे

वाईच्या छापखान्यात तिचे शिसवी ठोकळे
फडक्यात गुंडाळून यायचे, भाकरीसारखे.
खाली सही: म. गो. आगटे.
वाचकांची पत्रं 'रा. रा. आगटे यांस'.
त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर ती
घाटावरचे ओलेते भटजी काढायची.

"बाईमाणसानं पुरुषाची पाठ इतकी निरखावी?"
मालक एकदाच म्हणाले.
पुढच्या अंकात त्यांचीच पाठ होती,
कंपोझिटरांनी लगेच ओळखली.

मोतीबिंदूनंतर रेघा जाड झाल्या.
'आगटेसाहेबांचा हात आता मोकळा झाला,'
कुणीसं कौतुकानं लिहिलं.

परवा भंगारात एक ठोकळा मिळाला मला.
उलटा घाट, उलटी गाय,
आणि गवतात, नखाएवढं,
सुलटं: मथुरा.

म्हणजे कागदावर ते उलटं उमटलं असणार,
गवतासारखंच.