घासलेला रुपिया

शुक्रवार. म्हापशाचा बाजार ओसरत आलेला,
चोरिसांच्या माळा उतरवणाऱ्या बायकांचे आवाज
जिन्यावरून वर येत होते.
अस्नोड्याच्या एर्मेलिंदानं रुमालाची गाठ सोडली
आणि सात नाणी माझ्या मखमलीवर ओतली.

ओतू नये, बाय. चांदीला चांदीच बोचते.
एकेक ठेवावं, कडेला धरून.
बोट तर नकोच. बोटाचा घाम नाण्यावर नाव लिहितो,
दहा वर्षांनी वाचता येईल असं.

पहिलं खाजणातल्या चिखलात निजलेलं,
अंग कण्यांसारखं खरबरीत;
मिठानं खाल्लेलं पुन्हा भरून येत नाही.
दुसऱ्याच्या कपाळावर सराफाच्या छिन्नीचा घाव.
खरा आहेस का, म्हणून कुणीतरी विचारलं होतं त्याला.
मला हा घाव आवडतो. तो काही लपवत नाही.
तिसऱ्याला कधी कडी होती. काढली.
डाखाचा करडा फुगवटा तेवढा राहिला,
कुणाच्या गळ्यात होतं ते आता कोण सांगणार.
पुढची तीन नुसती वापरलेली. बरी.

मग सातवं. अठराशे ब्याऐंशीचा रुपिया,
पांढरा, इतका पांढरा की एर्मेलिंदा हसली.
'हेच चांगलं ना, शेट?'

मी खिडकी उघडली.
तिरप्या उन्हात नाणं हळूहळू कलतं करत गेलो.
टाकसाळीतून जशीच्या तशी आलेल्या चांदीवर उजेड
गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो.
इथं फिरला नाही. जागीच थांबला,
चुन्याच्या भिंतीवर थांबावा तसा.

झीज कुठं असते? गालावर, कानावरच्या केसांत.
हजारो हातांनी तेवढंच नेलं
जेवढं वर आलेलं होतं.
घासणारा मात्र खोलातही उतरतो.
सपाट भागात, राजाच्या नाकासमोर,
केसाहून बारीक रेषा, शेकडो,
सगळ्या एकाच दिशेनं चाललेल्या.
फक्त अक्षरांच्या खोबणीत थोडा काळा उरलेला,
जिथं बोट पोचलं नाही.

मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं.
रेषा डावीकडे वर सुरू होऊन
उजवीकडे खाली उतरत होत्या.
उजव्या हाताचा माणूस असं घासत नाही.

आणि मानेखाली, कडेला, कानशीचा एक दात.

एकाहत्तर साल. मी तेरा वर्षांचा,
उसगांवकर शेटच्या दुकानात, स्टुलावर.
वाटीत भिंडाच्या सोलांचं पाणी, चिमटीत दंतमंजन,
गुलाबी फेस, आणि मी जोर लावतोय,
काळ्यातून राजा वर येतोय म्हणून खूश.
कानस कशाला उचलली होती ते आठवत नाही.
निसटली.
शेट रागावले नाहीत. नाणं उन्हात धरून म्हणाले,
'चकाकतं ते विकतं. उद्या आणखी चार देतो.'
दिली.
त्या वर्षी किती घासली असतील मी?
ती सगळी असतील कुठं कुठं, कुणाकुणाच्या रुमालांत.

'पांढरं म्हणजे चांगलं नव्हे, बाय. हे कुणीतरी घासलंय.
निम्मी किंमतसुद्धा येणार नाही.'
'मग पहिल्यासारखं...?'
नाही होत. साध्या कागदात ठेवा, आपली हवा खारट,
वीसेक वर्षांत करडं होईल, कडेनं निळसर.
रेषा राहतील. काळ्याखालीही दिसतात त्या,
शोधणाऱ्याला.

'माझ्या सासऱ्यांनी इथंच घेतलं होतं, म्हापशात,'
ती म्हणाली. 'कुणी घासलं असेल हो?'

मी मोलाची चिठी लिहायला घेतली.
ती माझ्या हाताकडे बघत होती.
'तुम्ही डावखुरे, शेट. माझा धाकटाही.'
'हो,' म्हटलं, आणि ओल्या शाईवरून जाऊ नये म्हणून
तळहात उचलला.
उशिरा उचलला.
'चांदी' या शब्दावरून एक निळा फराटा
उजवीकडे ओढला गेला होता.