न्येम्का

याब्लोनेत्सच्या वरच्या गल्लीत
भट्टीजवळच्या काजळीवर बोटाने
व्होयतेखने मला शब्द लिहून दाखवला.
न्येमी म्हणजे मुका.
न्येमेत्स म्हणजे जर्मन.
न्येम्का म्हणजे जर्मन बाई,
म्हणजे त्याची आजी, हेर्टा.

"असं सांगतात," तो म्हणाला, "की आमच्या पूर्वजांनी
डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारली.
तो काहीतरी बोलला.
ह्यांना कळलं नाही.
मग ठरलं, तो मुका आहे."
बहिरं कोण होतं, ते कुणी काढलं नाही.

शब्दाला पाय फुटले की तो कुणाचा राहत नाही.
हंगेरीत गेला, रुमानियात मुरला,
कुठल्या तंबूमागून कसा कोण जाणे
अरबांच्या नकाशावर चढला,
आणि आजही कैरोच्या टपालात
व्हिएन्नाचं पाकीट
मुक्यांच्या देशाच्या खणात पडतं.

पलीकडच्यांनीही उसनं ठेवलं नाही.
काही डोक्यावरून गेलं, की जर्मन म्हणतो,
ही तर बोहेमियातली गावं!
बोहेमियातला खांदे उडवतो :
मला हे स्पेनमधलं खेडं.
स्पेनमध्ये काय म्हणतात
ते व्होयतेखला ठाऊक नव्हतं.

पंचेचाळीस साली हेर्टा सात वर्षांची.
आईने उशीचा अभ्रा फाडून तीन पट्ट्या केल्या.
दंडावर बांधायच्या. वर काळं अक्षर : न.
गल्ली रिकामी झाली, एकेक गाठोडं घेऊन.
ह्यांना ठेवून घेतलं,
कारण बापाला प्रवाळी काचेचा पाक जमायचा.
(लढाईआधी त्याच गावच्या बांगड्या
आगबोटीने आमच्याकडच्या कासारांच्या पेटीत यायच्या.
कुठल्या भाषेत किणकिणायच्या,
आम्हीही विचारलं नाही.)

नव्या शाळेत ती वर्षभर बोलली नाही.
न्येम्का न्येमा, पोरं ओरडायची.
व्याकरण बिनचूक होतं.
जनावरालाही तिथे मुकंच म्हणतात, आपल्यासारखं.
गाईशी ती जर्मन बोलायची.
गाईने कधी ठरवलं नाही
हे काय आहे म्हणून.

मग लुमीर आला, मणी मोजणारा,
बाराशेच्या लडीत एक कमी भरला म्हणून भांडायला.
तिने उत्तर दिलं. एक स्वर चुकला.
तो स्वर ऐकायला तो पुन्हा आला,
पुन्हा मोजणीचं निमित्त काढून.

माझ्या भाषेत मुका या शब्दाला
आणखी एक अर्थ आहे, मी म्हटलं, आणि सांगितला.
व्होयतेखने काजळीवरचा शब्द
तळव्याने पुसला. मग हसला.

गेल्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात
तिच्या मेंदूत एक शीर फुटली.
सत्तर वर्षांचं चेक एका पहाटे गळून गेलं.
उरलं ते अभ्र्याच्या आधीचं.
आता ती दिवसभर बोलते : विहीर, बाप,
गाईचं नाव, कुणावर तरी राग.
लुमीर समोर बसतो.
जर्मन तो कधी शिकला नाही.
तिचं चेक चांगलं होतं,
गरजच पडली नाही.

मी गेलो तेव्हा त्याच्या हातात पेला होता.
वासा, तो म्हणाला.
वासर, तिने दटावलं.
वासा.
वासर!
पाणी सांडत होतं त्याच्या बाहीवर,
आणि तिला तहान होती की नव्हती
मला काही कळलं नाही.